वाकडी शिवण

चिमीच्या वर्गाच्या बाई शनिवारी सकाळी घरी येणार असा निरोप मैनेने आणला मात्र, थोरलीने बाह्या सरसावल्या आणि दारातला तो पोट फाटलेला सोफा मागच्या भिंतीकडे ढकलायला घेतला.

"सोफा कशाला हलवतेस, सूनबाई?" अण्णांनी कानामागे खडू खोचत विचारलं. "गाद्या-सोफे शिवणाऱ्यांच्या घरी येतायत त्या. सोनाराच्या पेढीवर नाही."

"बाई पहिल्यांदा येतायत, अण्णा. आल्या आल्या सोफ्याची आतडी कशाला दाखवायची?"

"आतडी बघितल्याशिवाय काम कळत नाही," अण्णा म्हणाले, पण दुसरं टोक त्यांनीच उचललं.

बाई कशाला येणार याबद्दल थोरलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कौतुक करायला, दुसरं कशाला? धाकट्या जावेची चिमी गेल्या वर्षी या देशात आली तेव्हा तिला इथल्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. आई-बाप पुढे आलेले, पोरीचे कागद अडकलेले, त्यामुळे ती आजोळीच वाढत राहिली. आली ती एकदम बारा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली. पहिल्या दिवशी तिने आईला "तुम्ही" म्हटलं, आणि धाकटी न्हाणीघरात कडी लावून रडली. ते थोरलीने दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं. त्याच दिवशी तिने मनाशी गाठ मारली, की या पोरीला इथे कमी पडू द्यायचं नाही.

आणि पडू दिलंही नव्हतं. चिमीचा गृहपाठ कसा, तर बघत राहावं. एक चूक नाही, एक खाडाखोड नाही. कारण या घराच्या कामाची रीतच तशी. खाली कारखाना, वर घर, आणि दोन्हीकडे अण्णांचा एकच कायदा, वेडीवाकडी शिवण उंबऱ्याबाहेर जायची नाही. खुर्ची आली की कापड अण्णा बेतणार, मशीनवर थोरली बसणार, पट्ट्या आणि खिळे धाकटा ठोकणार, कडेची गोट धाकटी लावणार. थोरलीचा नवरा माल पोचवायला व्हॅन घेऊन जायचा तो बहुतेक वेळ रस्त्यावरच. शेवटी अण्णा कपाळावरचा चष्मा नाकावर आणून बघणार, आणि जरा कुठे तिरकं दिसलं की उसवणार.

गृहपाठाचंही तेच झालं होतं. निबंध थोरली लिहायची, कारण गिऱ्हाइकांशी फोनवर हुज्जत घालून घालून तिची इथली भाषा चांगली घोटली गेली होती. नकाशे धाकटी रंगवायची. गणितं थोरलीची मुलगी मैना सोडवायची. मैना इथेच जन्मलेली, चिमीच्याच शाळेत वरच्या वर्गात. सकाळी डोळा उघडला की जी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत, म्हणून तर तिचं नाव मैना पडलं. सगळं झालं की अण्णा चष्मा नाकावर आणायचे. इथली भाषा त्यांना रंग, माप, भाव आणि 'उद्या नक्की' एवढ्यापुरती येत असे, पण अक्षर रेषेवर बसलंय की नाही ते कुठल्याही भाषेत दिसतं. आणि चिमी? ती हे सगळं सुंदर अक्षरात उतरवून काढायची.

निरोप देताना मैना दोनच वाक्यं बोलली होती. तेव्हाच खरं तर थोरलीने ओळखायला हवं होतं.

बाई सायकलवरून आल्या. हेल्मेट हातात घेऊन आत शिरल्या आणि थेट गिऱ्हाइकासाठी तयार झालेल्या आरामखुर्चीत बसल्या. अण्णांचा जीव खालीवर झाला, पण बाई हात फिरवून म्हणाल्या, "या खुर्चीतून उठावंसंच वाटणार नाही कुणाला." मैनेने ते आपल्या भाषेत सांगितल्यावर अण्णांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी बाईंना आणखी बिस्किटं द्यायला लावली.

चिमी जिन्यात बसली होती, अर्ध्यावर. धड कारखान्यात नाही, धड घरात नाही.

"मला चिमीच्या गृहपाठाबद्दल बोलायचं होतं," बाई म्हणाल्या.

धाकटीने थोरलीकडे पाहून हसू दाबलं. थोरलीने, आपल्याला काय त्याचं, असा चेहरा केला.

"तो कोण करतं?"

थोरलीने घाईने बिस्किटांची बशी पुढे केली. ती काही बोलणार तोच मैनेने प्रश्न अण्णांना सांगून टाकला, आणि अण्णांची छाती फुगली.

"सगळे," अण्णा म्हणाले, तेही थेट बाईंच्या भाषेत, मोडकंतोडकं. मग एकेकाकडे बोट दाखवत गेले. "ही लिहिते. ही रंग. ही हिशोब. मी शेवटी बघतो. चांगलं असतं ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ बनवाबनवी ऐकली असेल, पण इतक्या अभिमानाने कबुली देणारं घर त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं.

"आमच्याकडे एकट्याने कोणी काही करत नाही," अण्णांनी मैनेकरवी आणखी खुलासा केला. "ही खुर्चीसुद्धा नाही."

बाईंनी मांडीवरचं हेल्मेट खाली ठेवलं. मग त्या बोलायला लागल्या ते सावकाश, धाकटीलाही कळेल अशा बेताने. वर्गात चिमी एक शब्द बोलत नाही. लिहायला दिलं तर कागद कोरा परत देते. घरून मात्र येतं ते पहिल्या नंबरचं. शाळेत काही जणांना वाटतं की ही मुलगी फसवते, काहींना वाटतं हट्टी आहे.

"मला तसं वाटत नाही," बाई म्हणाल्या. "मला वाटतं ती घाबरते. घरून इतकं नेटकं जातं की स्वतःची दोन मोडकी वाक्यं त्याच्याशेजारी ठेवायची तिला लाज वाटत असणार. आणि चूक फक्त तुमची नाही. मदत होईल म्हणून मी तिला एका बोलक्या मुलीजवळ बसवलं. ती गुणी आहे, पण हिच्या वाटचंही तीच बोलून टाकते."

"मग?" थोरलीने विचारलं.

"मुख्याध्यापक तिला दोन वर्ग खाली, लहान मुलांमध्ये बसवायचं म्हणतायत. मी एक संधी मागून घेतलीय. शुक्रवारी प्रत्येक मुलाने वर्गासमोर एखादी वस्तू कशी बनते ते दाखवायचं आहे. तिने ते स्वतः केलं, चुकत का होईना स्वतः बोलली, तर ती याच वर्गात राहील. नाही तर माझ्या हातात फारसं काही उरणार नाही."

जिन्यात पावलं वाजली. चिमी वर निघून गेली होती.

बाई सायकलवर बसून वळणाआड होईपर्यंत सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मग जे सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही.

"दोन वर्ग खाली," धाकटा हातोडी टेबलावर ठेवत म्हणाला. "म्हणजे तेरा वर्षांची घोडी दहा वर्षांच्या पोरांत. त्यापेक्षा आजोळी परत पाठवू. तिथे पहिल्या पाचांत होती ती."

"नाही," धाकटी म्हणाली. ती कधी नवऱ्याला तोडून बोलायची नाही, त्यामुळे सगळे तिच्याकडे बघायला लागले. "एकदा सोडून आले. पुन्हा नाही सोडणार." आणि मग तिचा सगळा राग, ज्याला कुठे जायचं ते माहीत नव्हतं, तो थोरलीकडे वळला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं, जाऊबाई, निबंध लिहायला? तुमची हौस झाली आणि माझी पोर लबाड ठरली."

थोरलीला ते फार लागलं. रोज मशीनवरून उठून, पाठीला उशी लावून, तिने ते निबंध लिहिले होते. 'माझी सुट्टी', 'मला काय व्हायचंय', सगळं. पण गप्प बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं.

"हो का? आणि नकाशे काय उंदरांनी रंगवले?"

"मी नुसते रंग भरले."

"मी नुसते शब्द भरले."

"पुरे," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आपलं काम कधी कोणी परत पाठवलं नव्हतं. पहिल्यांदा झालं हे." आणि ते कात्री घेऊन एक आधीच कापलेलं कापड पुन्हा मोजायला लागले.

मैना मशीनच्या चाकाशी चाळा करत उभी होती. "वर्गात तिला 'चित्र' म्हणतात," ती एकदम म्हणाली. "भिंतीवरचं चित्र. बोलत नाही म्हणून."

"आणि तू हे आत्ता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही सगळे शाळेत आला असता, आई."

पोरगी खरं बोलत होती.

आता आठवडाभर या माणसांनी काय करावं? पोरीला एकटीला सोडावं, तिच्या वाटेतून बाजूला व्हावं, एवढं शहाणपण बाई पदरात घालून गेल्या होत्या. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रविवार उजाडला तो अण्णांनी एका बुटक्या स्टुलाचा सांगाडा तासून ठेवलेला. गादीचा स्टूल कसा बनतो, ते चिमीने दाखवायचं, असं ठरलं. कोणी ठरवलं? सगळ्यांनी. चिमीला विचारायचं राहून गेलं. सोमवारी थोरलीने भाषण लिहिलं आणि त्यात 'आमचा पिढीजात व्यवसाय' हे शब्द घातले. मंगळवारी मैनेने चिमीला आरशासमोर उभं करून प्रत्येक शब्दाला तोंड कसं करायचं ते शिकवलं. धाकटीने शाळेसाठी नवा सदरा शिवला. आजोळचं नाव काढणारा धाकटासुद्धा फोम मापात कापून देऊन गेला. बुधवारपर्यंत स्टूल तयार, भाषण तयार, सदरा तयार. तयार नव्हती ती फक्त चिमी. भाषण म्हणायला लावलं की तिचा आवाज दुसऱ्या ओळीलाच आत ओढला जायचा.

"पुन्हा," थोरली म्हणायची. "आमचा पिढीजात..."

चिमी तोंड उघडायची, मिटायची, आणि खाली बघायची.

गुरुवारी दुपारी भाषणावरून पुन्हा जुंपली. पिढीजात शब्द मोठा आहे, काढा, असं धाकटीचं म्हणणं, आणि मोठा आहे म्हणूनच ठेवायचा, असं थोरलीचं. दोघी वरच्या खोलीत इरेला पेटल्या होत्या. मशीनवर बसायला म्हणून थोरली तणतणत खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली.

बेतायच्या टेबलापाशी चिमी उभी होती. तिच्यासमोर अण्णांचा स्टूल होता, पण त्यावरची अण्णांनी चढवलेली गादी काढून ठेवलेली. तिच्या जागी दुसरीच गादी होती, निळ्या तुकड्यांची. ती तिने एकटीने शिवली होती, हे सांगायला कोणी नको होतं. एक कोपरा फुगलेला, दुसरा ओढलेला. पुढची शिवण सरळ निघाली होती आणि मग अर्ध्यावर घाबरल्यासारखी डावीकडे पळाली होती. पोरीच्या बोटाला दाभण टोचल्याची चिंधी होती.

अण्णा समोर बसले होते. त्यांनी चष्मा नाकावर आणला, अंगठा शिवणीवरून फिरवला, "च्च," म्हणाले आणि बारकी कात्री उचलली. रागावून नव्हे. तीस वर्षं उचलत आले तशीच, प्रेमाने, सवयीने. आणि चिमीने काय करावं? तिने खालच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. उसवलेले दोरे टाकायचा डबा. कोणी न सांगता.

थोरली शेवटची पायरी उतरली. हा डबा तिने ओळखला. लग्न होऊन या घरात आली तेव्हा वर्षभर तिने हाच डबा असाच धरला होता. शिवायची, अण्णा बघायचे, "च्च" करायचे, आणि ती डबा धरून उभी राहायची. तेव्हा तिला वाटायचं, या घरात आपलं म्हणून जे आहे ते एवढंच, या डब्यातले दोरे.

"अण्णा, थांबा."

"कोपरा बघ ना जरा. हात लावतो नि सरळ करतो."

"हात लावू नका."

असं अण्णांना कोणी बोलत नसे. कात्री हवेत राहिली. वरून धाकटी जिन्यात येऊन उभी राहिली होती.

"माझं काम या घरातून पहिल्यांदा बाहेर कधी गेलं, आठवतंय?" थोरली म्हणाली. "तुम्ही तापाने फणफणला होतात. दातांच्या डॉक्टरचा बाक द्यायचा होता, उसवायला कोणी नव्हतं, म्हणून माझी शिवण तशीच गेली. वाकडी होती. मला माहीत होतं वाकडी आहे. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी या घरची आहे. त्याआधी मी नुसती डबा धरणारी होते."

अण्णांनी कात्री खाली ठेवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"उजव्या टोकाला वाकडी आहे," ते म्हणाले. "खालच्या अंगाने."

"तुम्ही बघितलीत?"

"दात दुखला की तिथेच बसतो ना मी. कितीदा बसलोय त्या शिवणीवर."

"मग उसवली का नाहीत? एवढीशी तिरकी चालत नाही तुम्हाला."

"डॉक्टर म्हणालाही होता, हवं तर घेऊन जा, नीट करून द्या." अण्णा शिवणीवरून बोट फिरवत होते, पण आता उसवण्यासाठी नव्हे. "पण तू भेटेल त्याला सांगत सुटली होतीस, माझं काम दवाखान्यात लागलं म्हणून. त्या आनंदात तू पहिल्यांदा या घरात मोठ्याने हसलीस. ते कसं उसवायचं?"

थोरलीला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस कसं दिसतं तशी ती दिसत असणार. इतकी वर्षं हा माणूस गप्प बसला होता, आणि इतकी वर्षं ती समजत होती की आपण त्याला फसवलं.

"मग हिचंही नका उसवू," ती म्हणाली.

अण्णांनी चिमीकडे पाहिलं. तिने डबा अजून धरलेलाच होता. त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि फळीवर मागे सारून ठेवला.

"तुला काय वाटतं गं?" त्यांनी विचारलं. आठवडाभरात हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

चिमीने आधी जिन्याकडे, मग काकूकडे पाहिलं. "मला सगळं येत नाही," ती म्हणाली. "पण थोडं येतं. तुम्ही सगळे इतकं छान करता की माझं ते थोडं कोणाला दिसतच नाही. मग मला पण वाटायला लागलं, की मला काहीच येत नाही." आणि ती रडायला लागली, हुंदके न देता, नुसतंच पाणी.

धाकटी जिना उतरून आली आणि तिने पोरीला जवळ घेतलं. या वेळी पोरीने अंग चोरलं नाही. थोरलीने खिशातून भाषण काढलं, त्या 'पिढीजात'कडे एकदा मायेने पाहिलं आणि त्याचा बोळा करून भिंतीकडच्या सोफ्याच्या फाटक्या पोटात कोंबला. तो सोफा पुढे शिवून गिऱ्हाइकाकडे गेला. भाषण अजून त्याच्यातच असेल.

"जाऊबाई," धाकटी हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी जास्तच बोलले."

"बोललीस. मीही उंदरांवर गेले. फिटंफाट झाली, आता चहा टाक."

बाईंनी सांगितलं होतं, घरचं एक माणूस वर्गात बसलं तरी चालेल. आता या घरात एक माणूस म्हणजे किती, हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं. शुक्रवारी आत धाकटी बसली, मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे वर करून. बाकीचे बाहेर, वर्गापुढच्या बोळात, दाराच्या काचेला नाक लावून. धाकटा, अण्णा, थोरली, आणि स्वतःचा वर्ग बुडवून मैना. दार बाईंनी जरा उघडं ठेवलं होतं, मुद्दामच असावं.

चिमी निळा स्टूल छातीशी धरून फळ्यासमोर उभी राहिली. वर्ग तिच्याकडे बघत होता. तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

थोरलीच्या जिभेवर पहिलं वाक्य तयार होतं. नुसता ओठ हलवला असता तरी पोरीला काचेतून दिसलं असतं. तिने जीभ दाताखाली धरली. आत धाकटी अर्धी उठली, तशी थोरलीने काचेतून तिला खुणेने खाली बसवलं. पहिल्या बाकावरची ती बोलकी मुलगी हात वर करून काही सांगू पाहत होती, आणि बाईंनी मान हलवून तिला गप्प केलं. सगळ्यांचीच परीक्षा चालली होती म्हणायची.

मग चिमीने स्टूल टेबलावर ठेवला आणि तो उलटा केला. शब्द येत नव्हते, पण हात आले. तिने खालची पट्टी दाखवली. "हे लाकूड," ती म्हणाली, इतकं हळू, की मागच्या मुलांना मान पुढे काढावी लागली. "इथे... ओढायचं. जोरात. मग खिळा." तिने फोमचा तुकडा दाबून सोडला. "हा श्वास घेतो." तो फुगलेला बघून दोन-तीन मुलं हसली, पण चांगलं हसली. तिने स्टूल पुन्हा सरळ केला.

"ते वाकडं आहे," एक मुलगा म्हणाला. दुष्टपणाने नाही. दिसलं, बोलला. पण आता वर्गात हशा पिकला तो वेगळा होता, आणि मागून कोणीतरी "चित्र" असं पुटपुटलं.

बोळात अण्णांचा हात खिशाकडे गेला, जिथे बारकी कात्री असायची. आज ती त्यांनी घरी ठेवली होती. थोरलीने त्यांचा रिकामा हात धरला.

चिमीने शिवणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "वाकडं आहे. मी केलंय." आणि मग, जणू एवढ्याने भागलं नाही म्हणून, पहिल्यापेक्षा मोठ्याने, "एकटीने केलं. पहिलं आहे. पहिलं असंच होतं."

हसणं थांबलं. त्या मुलाने विचारलं, "सुई केवढी असते?" चिमीने दाभण काढून दाखवली, तशी मागची मुलं बाकांवर चढली. बोटाची चिंधी दाखवल्यावर तर सगळेच पुढे आले. मला बघू, मला शिवू दे, तुला लागलं तेव्हा रक्त आलं का? ती उत्तरं देत होती. एकेक शब्दाची, तुटकी, काही चुकीची. कोणी दुरुस्त करत नव्हतं, आणि ती थांबत नव्हती. बोलकी मुलगी स्टूल धरून उभी होती आणि चक्क गप्प होती.

अण्णांना त्यातलं रंग, माप, भाव सोडून काही कळायचं नाही. "काय म्हणाली?" ते सारखं विचारत होते. "सूनबाई, ती काय म्हणाली मघाशी?"

"म्हणाली, वाकडं आहे आणि मी केलंय."

अण्णांनी मान हलवली आणि काचेकडे तोंड करून उभे राहिले. धाकटा भिंतीकडे वळून नाक शिंकरत होता. आजोळचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

शाळा सुटताना बाई बोळात आल्या. बाहेर उभी असलेली 'एका माणसा'ची वरात त्यांनी बघितली आणि डोक्याला हात लावला. "मी मुख्याध्यापकांशी बोलले," त्या म्हणाल्या. "याच वर्गात राहील. खूप मागे आहे, चुकाही पुष्कळ होतील. पण त्या तिच्या असतील, तर मला त्यांच्यावर काम करता येईल." मग अण्णांकडे वळून त्या म्हणाल्या, "स्टूल इथेच ठेवू का? मुलं सोडत नाहीयेत."

मैनेने ते अण्णांना आपल्या भाषेत विचारलं. अण्णा थोडे घुटमळले. त्या घरातून तसलं काम कधी गेलं नव्हतं, म्हणजे एकदाच गेलं होतं.

"ठेवा," ते म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी चिमी बेतायच्या टेबलावर गृहपाठ घेऊन बसली. निबंध होता. घरात कोणाला चैन पडेना. धाकटी तिसऱ्यांदा केर काढून गेली. मैना शिट्टी वाजवत टेबलामागून गेली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितल्याबद्दल आईचा चिमटा खाऊन पुढे झाली. थोरली मशीनवर बसून एकाच जागी टाके घालत होती. इतक्या दुरूनही तिला दिसत होतं, की दुसऱ्या ओळीत काहीतरी खोडलंय आणि अक्षर रेषा सोडून वर चढलंय. तिचे हात शिवशिवत होते. पोरीला विचारावं तरी, अडलंय का? पण चिमी अडली की स्वतःच मान वर करून विचारत होती, एक शब्द, फक्त एक, आणि तो मिळाला की पुन्हा खाली वाकत होती. तेवढ्यावर थोरलीने समाधान मानलं.

शेवटी अण्णाच उठले. जिथे काम चाललंय तिथे ते नाहीत, असं या कारखान्यात कधी झालं नव्हतं. ते टेबलापाशी आले तशी चिमीने लिहिलेल्यावर तळहात ठेवला. रागाने नाही, पण पक्का.

"आधी बाई बघणार, अण्णा."

"मी कुठे काय म्हणतोय?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढला, घडी करून खिशात घातला आणि तिच्या शेजारी दुसरा स्टूल ओढून बसले. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं अक्षर दिसत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चिमीने हळूच तळहात उचलला आणि लिहायला लागली.